मुक्ताचे फोटो

चोपडा,
२ जुलै २०२४

दिपा,

तुझा फोन बंद असतो, म्हणून पत्र लिहितो आहे. लग्न ठरल्यावरसुद्धा आपण एकमेकांना कधी पत्र लिहिलं नव्हतं. मायना काय लिहायचा इथेच माझं घोडं अडलं, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

बातमी अशी की मी कॅमेरा घेतला. खरा, गळ्यात अडकवायचा, लेन्स फिरवायचा. फोन असताना हे डबडं कशाला, असं आईने विचारलंच. दिवाळीला मोटारसायकल बदलायची आपलं ठरलं होतं, ती आता राहू दे.

कारण तुला सांगायला नको. तू जळगावच्या दवाखान्यात ऑपरेशननंतर शुद्धीत येत होतीस, रक्त थांबत नव्हतं, आणि आपली पोर वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती. तू तिला बघायच्या आधीच माझ्या मामेभावाने काचेतून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर पडला. पोरीला तू पाहिलंस ते त्या फोटोत. काळंनिळं तोंड, नाकात नळी, आवळलेल्या मुठी, आणि खाली नातेवाइकांनी टाकलेले हात जोडल्याचे, रडक्या तोंडाचे शिक्के. तू फोन उलटा ठेवलास आणि भिंतीकडे वळलीस. नानांनी तुला तिथूनच शिंदखेड्याला नेलं. बापाने दुसरं काय करावं, मी त्यांना काही म्हणत नाही.

पण दिपा, तो फोटो म्हणजे ती नव्हे. फोनचा उजेड काचेवर आपटून तिच्या तोंडावर पसरला होता. मी तिला रोज बघतो, म्हणून सांगतो. तू इथे येणार नसशील तर निदान एक बरा फोटो तरी बघ, एवढ्यासाठी हा खटाटोप.

अजून मला काही जमत नाही. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने आपोआप फ्लॅश मारला. मुक्ता इतकी दचकली की दोन्ही हात वर उडाले. आईने तिला छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "ते डबडं ठेई दे आते. पोरले मांडीवर ले." घेतलं. मांडीवर ती तुझ्या उशीपेक्षाही हलकी लागते.

हो, नाव मुक्ता ठेवलं आहे. सारिकाताईने आत्या म्हणून दवाखान्यातच कानात सांगितलं. तुला आवडलं नाही तर बदलू.

तिची तब्येत बरी आहे. वजन वाढतंय. नळी थोडे दिवस आहे, मग काढतील.

प्रेमराज


चोपडा,
११ जुलै २०२४

दिपा,

सोबत एक फोटो पाठवला आहे. पाकीट उघडलंस तर दिसेल. नाही उघडलंस तर नानांना सांग, कपाटात ठेवतील.

जळगावला बसस्टँडच्या मागे साकिब नावाच्या माणसाचं फोटोचं दुकान आहे, तिथेच छापूनही मिळतात. लग्नांचे फोटो काढतो. ठिबकच्या नळ्या आणायला मी गेलो होतो, तेव्हा त्याला आधीचे फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत बसला. बाळ कितीचं आहे, विचारलं. महिन्याचं होईल म्हणालो.

"मग भाऊ, फ्लॅश विसरा. घरात खिडकी आहे ना?"

"आहे. अंगणाच्या बाजूला."

"बाळाला तिथे न्या. उजेड तुमच्या पाठीमागून नको, बाळाच्या गालावर बाजूने पडू द्या. आणि हे बघा, सगळ्या फोटोंत तुमची नळी स्पष्ट आली आणि डोळे धुरकट. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. त्याला ठळक रेघ सापडली की तो तीच धरतो."

त्याने मला पडद्यावरचा तो लहान चौकोन हलवायला शिकवला. चौकोन डोळ्यावर ठेवायचा, बटण अर्धं दाबायचं, हिरवा झाला की श्वास रोखून पूर्ण दाबायचं. मी दुकानातच त्याच्या खुर्चीवरच्या मांजरावर सराव केला. मांजर निघून गेलं, तर पाण्याच्या बाटलीवर केला. घरी येऊन आईवर केला. आई म्हणाली, मना फोटो श्राद्धले काढशी का.

आता आपल्या खोलीतली खाट खिडकीजवळ ओढली आहे. सकाळी आईने तिला तेल लावलं की ऊन भिंतीवरून उतरून खाटेच्या कडेला येतं. तेवढ्या वेळात काढायचे. ऊन थेट अंगावर आलं की चेहऱ्याचा अर्धा भाग पांढरा फटक होतो. शेजारच्या हिलाल आबांनी त्यांचं पांढरं धोतर खिडकीला बांधून दिलं. त्यातून येणारा उजेड दुधासारखा येतो.

या फोटोत ती झोपली आहे. कपाळ बघ. कपाळ आणि भुवया सगळ्या तुझ्या आहेत. आई तर म्हणते, "नाक बी दिपानं शे."

दूध चांगलं पिते. काळजी करू नकोस. तुझे टाके सुकले का, तेवढं तुझ्या धाकट्या हितेंद्रकडून कळव.

प्रेमराज


चोपडा,
२३ जुलै २०२४

दिपा,

पाच फोटो पाठवून झाले. एकाचंही उत्तर नाही.

परवा मी शिंदखेड्याला आलो होतो. तुला सांगितलं की नाही माहीत नाही. अमळनेरवरून येताना पाऊस लागला, कॅमेरा शर्टाच्या आत घेतला होता. नानांनी मला ओट्यावर बसवलं. दोरीवर तुझा निळा गाऊन वाळत होता. आत भांड्याचा आवाज झाला, तो तुझाच असावा. तुझ्या आईंनी चहा आणला.

नाना म्हणाले, "जावईबुवा, तुम्ही येऊन गेलात हे तिला कळलं की ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. जेवत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. बाळंतपणानंतर होतं म्हणाले काहींना असं. वेळ द्या."

मी म्हणालो, "वेळच तर नाही, नाना."

त्यांनी आत एकदा वळून बघितलं. मग हळूच म्हणाले, "तिला अजून सांगू नका. आधी ही उठून बसू द्या."

मी मान हलवली. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, हे काय. मी म्हणालो, शिकतोय. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. घरात अशी वेळ, आणि जावई गळ्यात खेळणं घालून फिरतोय.

परत येताना तापीच्या पुलावर थांबलो. पाणी गढूळ, काठोकाठ. नदीचे चार-पाच फोटो काढले. सगळे तिरपे, हललेले आले. साकिब म्हणतो, कोपर पोटाशी घट्ट धरलं की हात हलत नाही. धरलं होतं. तरी हलले.

दिपा, एकदा ये. बोलू नकोस माझ्याशी. घरातही राहू नकोस, सकाळच्या गाडीने येऊन दुपारच्या गाडीने जा. मी शेतात जाऊन बसतो वाटल्यास. फक्त तिच्याजवळ थोडा वेळ बस. मी दिवसभर लोकांच्या केळीत नळ्या जोडत असतो आणि डोक्यात एकच चालू असतं, की आपल्या पोरीला आईचा वास माहीत नाही. आईने तुझी जुनी साडी तिच्या अंगाखाली घातली आहे. धुऊ देत नाही कोणाला.

एवढं लिहून हे पत्र फाडणार होतो. तू तिथे काय सोसतेस ते मला दिसत नाही, आणि मी इथून तगादा लावतोय. तरी टाकतोय पेटीत.

प्रेमराज


चोपडा,
१ ऑगस्ट २०२४

दिपा,

हितेंद्र काल येऊन गेला. पाकीट त्याच्याच हातात होतं. सगळे फोटो तू परत पाठवलेस.

मी त्याला विचारलं, ताई काय म्हणाली.  आईने त्याला पाणी दिलं, ते तसंच हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "ताईने प्रत्येक फोटो बघितला, दाजी. खूप वेळ बघितला. म्हणाली, यात नळी कुठेय? हात कुठेयत? म्हणाली, त्यांना सांग, हे बाळ कुणाचंही असेल."

मग तो आत गेला. मुक्ता जागी होती. त्याने एक फोटो तिच्या गालाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं. त्याची काय चूक. फोटोतले ओठ गुलाबी होते.

आता सगळं लिहितो. नानांना दिलेला शब्द मोडतोय, त्यांना मी सांगेन.

नळी प्रत्येक फोटोच्या वेळी होती. काही वेळा मी अशा बाजूने काढला की ती पलीकडच्या गालावर जाईल. काही वेळा साकिबच्या कॉम्प्युटरवर कडेने कापली. तिच्या मुठी कधीच पूर्ण उघडत नाहीत, बोटं एकमेकांवर चढलेली असतात, म्हणून मी हात दुपट्यात गुंडाळत होतो. आणि रंग. कॅमेऱ्यात एक सोय असते, उजेडाचा रंग गरम करायचा की थंड ते ठरवता येतं. लग्नाच्या फोटोत नवरी उजळ दिसावी म्हणून वापरतात. मी ती पार टोकाला नेली. साकिबने एकदा विचारलं, "भाऊ, बाळ खरंच असं आहे का?" मी हो म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं नाही.

बाळ तसं नाही. तिच्या ओठांना निळी झाक आहे, रडली की वाढते. हृदयात भोक आहे. ते आपल्याला दवाखान्यातच सांगितलं होतं, पण नंतर रक्ताची तपासणी आली तेव्हा तू शिंदखेड्याला गेली होतीस. दोष मुळातूनच आहे, गर्भ धरला तेव्हापासून. ना तुझ्या खाण्याने झाला, ना माझ्या औषधफवारणीने, ना ग्रहणात तू भाजी चिरल्याने. मी हे तिन्ही विचारलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, असं कुणाच्याही पोटी होऊ शकतं. ऑपरेशनचा उपयोग नाही. घरी न्या, जवळ ठेवा, दुखू देऊ नका. आठवडे म्हणा, महिने म्हणा, आमच्या हातात नाही.

वजन वाढत नाही. दूध ती तोंडाने पीत नाही, आई सिरिंजने नळीतून सोडते. बरं चाललंय असं लिहिलं ते सगळं खोटं होतं. सुरुवातीला वाटलं, तुला चांगलं दिसलं तर तू येशील, आणि आल्यावर बाकीचं कळलं तरी तोवर तू तिला हातात घेतलेलं असेल. आता वाटतं, तुला येण्यासारखं मी काही पाठवलंच नव्हतं.

आज सकाळी नवा फोटो काढला. टोपी नाही, दुपटं नाही. कॅमेऱ्यापुढे आधी कोरा पांढरा कागद धरून रंग बरोबर लावून घेतला, त्यामुळे पांढरं ते पांढरं आणि निळं ते निळंच आलं आहे. नळी आहे. नळीची पट्टी गालावरून सुटलेली, तीही आहे. मुठी आहेत. चौकोन तिच्या डाव्या डोळ्यावर ठेवला, आणि या वेळी तो डोळा उघडा होता.

छापायला दिला तेव्हा साकिबने मशीनमधून निघालेला फोटो हातात घेतला आणि कडेने धरून पंख्याखाली वाळवला. मग म्हणाला, "हा मी पाकिटात घालू का, तुम्हाला नीट ठेवता येणार नाही." माझे हात तेव्हा ठीकच होते. पण घालू दिला.

हे तुझं बाळ आहे, दिपा. परत पाठवायचं असेल तर हाही पाठव. मी विचारणार नाही.

प्रेमराज


चोपडा,
७ ऑगस्ट २०२४

दिपा,

काल तिचा श्वास मध्येच थांबला आणि परत सुरू झाला. जळगावला नेऊन आणलं. मॅडम म्हणाल्या, आता असं होत राहील. दवाखान्यात ठेवायचं असेल तर ठेवा, पण तिथे तुम्हाला जवळ बसू देता येणार नाही. मी घरी आणलं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

रविवारी घरोघर कानबाई बसणार. आई म्हणते यंदा आपल्याकडे देवीचा रोट नको, सुतक कधी येईल सांगता येत नाही. मी तिच्यावर ओरडलो. नंतर बाहेर जाऊन बसलो.

फोटो काढवत नाही. कॅमेरा खुंटीला टांगला आहे. डोळ्याला लावला की मला ती दिसायच्या आधी उजेड दिसतो, सावली दिसते, आणि मग मला माझीच लाज वाटते. पण खाली ठेवला की हात रिकामे पडतात आणि काय करावं कळत नाही.

मी तुला काहीच मागत नाही आता. ये एवढंच लिहितो. हे पत्र हितेंद्रच्या हातात देतोय, टपालाने उशीर होईल.

प्रेमराज


चोपडा,
१० सप्टेंबर २०२४

दिपा,

तू परत गेलीस त्याला आता आठवडा होईल. जाताना आईच्या पाया पडलीस. माझ्याकडे बघितलंस, पण आपण काही बोललो नाही. जेवढे दिवस तू इथे होतीस तेवढे दिवसही आपण तिच्याबद्दलच बोललो, दूध दिलं का, पट्टी बदलली का. तेही संपल्यावर बोलायला काही उरलं नाही. म्हणून परत पत्र.

कानबाईच्या दिवशी दुपारी तू दारात आलीस तेव्हा आई तुकडा ओवाळून टाकायला आत धावली, आणि तू तशीच थांबलीस. मी कॅमेरा घेतला. का घेतला माहीत नाही, सवयीने. तू म्हणालीस, "आत्ता नको." मी ठेवला. तू मोरीत जाऊन हात धुतलेस, कोपरापर्यंत धुतलेस, आणि आईला विचारलंस, "कशी धरायची?" आईने तुझ्या हातावर तिला ठेवलं. तू मांडी घालून बसलीस ती दिवेलागणीपर्यंत हलली नाहीस. पायाला मुंग्या आल्या असतील. मी दाराशी बसून बघत होतो. माझ्याकडून कुणी तेव्हा काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं.

मग एका सकाळी तूच म्हणालीस, "आता काढा." केस विंचरलेले नव्हते तुझे. गाऊनवर दुधाचे डाग होते. मी म्हणालो, साडी नेसतेस का, तर म्हणालीस, "ती मला अशीच ओळखते." मी खिडकीचं धोतर सरळ केलं, कोपर पोटाशी धरलं. चौकोन कुणाच्या डोळ्यावर ठेवू हे मला कळेना. तुझा डोळा आणि तिचा डोळा एका रेषेत नव्हते. एक धरला तर दुसरा धुरकट होणार होता. मी तुला म्हणालो, जरा खाली वाक. तू गाल तिच्या कपाळाला लावलास. मग दोघी आल्या.

तो फोटो मोठा छापायचा म्हणून मी जळगावला गेलो.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी दुकानात उभा होतो. साकिबने तो पडद्यावर उघडला होता, पडदा भरून. तुझी एक बट तिच्या भुवईवर पडली आहे, तीसुद्धा दिसत होती. साकिब म्हणाला, "भाऊ, आता तुम्हाला यायला लागलं." आणि खिशात फोन वाजला. आईचा होता. मी उचलायच्या आधीच मला कळलं. पडद्यावर तुम्ही दोघी तशाच होतात.

घरी पोचलो तेव्हा तिला आंघोळ घालून झाली होती.

स्मशानात तू आली नाहीस, बायका येत नाहीत, म्हणून तिकडचं तुला सांगतो. लहान मुलांना आपल्याकडे जाळत नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला, कडुनिंबाच्या रांगेच्या पलीकडे जागा आहे. हिलाल आबा आधीच जाऊन खणत होते. पावसाने माती मऊ होती, काळी, ओढली की पायाला चिकटत होती. मी म्हणालो, मी खणतो. आबा म्हणाले, "तू तिले धर. खणाले मी शे ना." मी तिला धरून निंबाखाली उभा राहिलो. कुणी घाई केली नाही. तळाला मीठ टाकलं. तुझी ती जुनी साडी आईने दिली होती, तिच्यात गुंडाळूनच ठेवलं. ठेवायला मी आत उतरलो. डोकं उत्तरेकडे केलं. पहिली मूठ माती मी टाकली ती तिच्या पायाकडे टाकली, तोंडावर मला टाकवेना. तोंडावरची आबांनी टाकली. वर दगड रचले, बाभळीच्या फांद्या घातल्या, जनावरांनी उकरू नये म्हणून. मग सगळे नदीवर गेले. मी थोडा मागे राहिलो. एक खंड्या येऊन त्या फांदीवर बसला आणि उडाला. एवढंच.

आई म्हणते, गेलेल्या लेकराचे फोटो घरात ठेवू नयेत, तापीत सोडून दे. मी हो-नाही केलेलं नाही. तू सांगशील तसं करू.

पण मला दुसरंच विचारायचं आहे. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं आणि तीन पानं फिरत राहिलो.

ती गेली तेव्हा तू तिच्याजवळ होतीस. आई चुलीपाशी होती, तिने पाहिलं नाही. फक्त तू पाहिलंस. मी आईला विचारलं, ती म्हणते, शांत गई. पण आई बघत नव्हती, मला बरं वाटावं म्हणून ती म्हणते. दिपा, मी तिचे इतके फोटो काढले, झोपलेली, जागी, शिंकताना, जांभई देताना. आणि त्या वेळी मी बसस्टँडच्या मागे एका दुकानात उभा होतो. डोळे मिटले की मला तिचं शेवटचं काहीच दिसत नाही. रिकामं दिसतं. त्या रिकाम्यात मी काय काय भरतो ते लिहीत नाही. तिला गुदमरलं का, ती रडली का, तू एकटीने हाका मारल्यास का आणि कुणी आलं नाही का.

तुला सांगवत नसेल तर सांगू नकोस. पण सांगवत असेल तर सांग. खरं काय ते लिही.

प्रेमराज


शिंदखेडा,
१९ सप्टेंबर २०२४

अहो,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एकदाच लिहीन. पुन्हा बोलायला लावू नका.

तुम्ही गेलात तेव्हा ती झोपली होती. उठली तेव्हा आईंनी दूध दिलं, तिने ठेवून घेतलं, उलटलं नाही. आई म्हणाल्या, "आज पोर निवांत शे." खोलीत कोंदट वाटत होतं म्हणून मी तिला घेऊन मागच्या दारात उंबऱ्यावर बसले. पलीकडच्या केळीत पाणी सोडलेलं होतं, मोटारीचा आवाज येत होता. ऊन होतं पण कडक नव्हतं.

तिने डोळे उघडले. तुम्ही म्हणायचात ती उजेडाकडे बघते. त्या दिवशी ती माझ्याकडे बघत होती. मला जे वाटलं ते लिहिते, डॉक्टर काय म्हणतील ते म्हणू देत. मी तिच्याशी बोलत होते. विशेष काही नाही. इथल्या घराचं सांगत होते, नानांच्या म्हशीचं, मी लहानपणी विहिरीत चप्पल टाकली होती त्याचं. तिचा श्वास थांबायचा आणि परत यायचा, तसं ते चालूच होतं. थांबला की मीही बोलायचं थांबायची. आला की पुढे सांगायची.

एकदा थांबला तो आला नाही. मी वाट बघत राहिले. म्हशीचं अर्धंच सांगून झालं होतं.

ती रडली नाही. गुदमरली नाही. अंगाला झटका आला नाही. ओठ होते त्याहून थोडे निळे झाले, बाकी काही बदललं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. तसं लिहायची सवय तुमची, माझी नाही.

आता जे कुणालाच माहीत नाही ते सांगते. मी लगेच हाक मारली नाही. आई आतच होत्या, दोन पावलांवर. हाक मारली की त्या येतील, शेजारचे येतील, कुणीतरी तिला माझ्या हातातून घेईल, हे मला कळत होतं. आधी दोन महिने मी तिला घेतलं नव्हतं. मी तिला घट्ट धरून बसून राहिले. म्हशीचं राहिलेलं पूर्ण सांगितलं. तोवर तिचं अंग गरमच होतं. मग हाक मारली.

ती एकटी नव्हती. रिकाम्या जागी तुम्ही हे ठेवा.

फोटोंचं आईंना मी सांगेन. तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका, आणि नदीत काही सोडू नका.

टाके सुकले. गोळ्या अजून चालू आहेत, त्यांनी झोप येते. नाना तुम्हाला या म्हणाले होते का, नसतील तर मी म्हणते. येत्या आठवड्यात मला न्यायला या. घरी जायच्या आधी मला कडुनिंबापलीकडे घेऊन चला. बायका जात नाहीत हे मला माहीत आहे. मी जाणार. तुम्ही फक्त कुठले दगड ते दाखवा.

दिपमाला